प्रमाणपत्रांचे पीक, विद्येचा दुष्काळ

विद्यापीठीय अध्यापकांच्या 'व्यावसायिक विकासा'साठी आणि त्यांना लिहिते करण्यासाठी या देशात आज जेवढ्या योजना, वर्ग आणि कार्यशाळा आहेत, तेवढ्या पूर्वी कधीही नव्हत्या. उद्बोधन वर्ग आहेत, उजळणी वर्ग आहेत, संशोधनपद्धतीच्या कार्यशाळा आहेत, शोधनिबंध कसा लिहावा हे शिकवणारे ऑनलाईन वर्गही आहेत. वर्ग संपला की प्रमाणपत्र मिळते, प्रमाणपत्र फायलीत लागते, फाईल पदोन्नतीच्या समितीपुढे जाते. सर्व काही यथासांग पार पडते. राहून जाते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे ग्रंथ! ज्या समाजाच्या करातून हा सारा व्यवहार चालतो, त्या समाजाने हाती घेऊन वाचावे असे यातून काय निपजले, हे विचारण्याची वेळ आता आली आहे.

हा प्रश्न दिल्लीतील आयोगाच्या कार्यालयात विचारून उत्तर मिळणार नाही. त्यासाठी नागपूरहून पूर्वेला निघावे आणि गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या तलावाकाठी जावे. अध्यापक लिहिता कसा होतो, याचे उत्तर तेथे एका अशा माणसाने देऊन ठेवले आहे, जो विद्यापीठाचा अध्यापक नव्हताच.

तळ्याकाठचे गुरुकुल

सात बहिणी नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या कुशीत पसरलेला हा विस्तीर्ण जलाशय कोणत्याही आंग्ल अभियंत्याने आखलेला नाही. कोलू पाटील कोहळी या पुरुषाने तो सुमारे तीनशे वर्षांपूर्वी बांधला, असे परंपरा सांगते. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास जमिनी द्याव्यात आणि कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधावेत, धान व ऊस पिकवावा, अशी ही व्यवस्था होती. त्यातूनच एकत्रित भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा हे नाव मिळाले. पाण्याचा निचरा जेथून होतो ते तुडूम, जादा पाणी जेथून वाहून जाते तो सलंग, लहान तळे ती बोडी, हे शब्द म्हणजे या भूमीतील जलशास्त्राची परिभाषा आहे. राजा वनवासी, बांधणारा कोहळी, मासे धरणारा ढीवर. एका तलावाभोवती सारा समाज परस्परांना बांधून राहत होता. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांचे नाव माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा' तलाव असे पडले. तलाव राहिले, पण ते राखणारी व्यवस्था विस्कटली.

या नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली आले. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या आणि कोईमतूरच्या वनमहाविद्यालयात प्रशिक्षण घेतलेल्या या तरुणापाशी वनशास्त्राचे सरकारी शिक्षण होते. पण अरण्य वाचण्याची विद्या त्यांना येथे मिळाली ती माधवराव पाटील यांच्यासारख्या जाणत्यांकडून, गोंड आणि ढीवर बांधवांकडून. पक्षी कोणत्या ऋतूत येतो, कोणत्या झाडावर घर करतो, कोणता मासा कोणत्या पाण्यात वाढतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले, विचारले आणि वहीत टिपले. त्याच्या जोडीला पंडितांच्या पायाशी बसून संस्कृत शिकले, प्राचीन ग्रंथांतील पशुपक्ष्यांची नावे ताडून पाहिली. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला 'पक्षिकोश' ही या तपश्चर्येची फळे होत. बगळे-करकोचे ज्या झाडांवर एकत्र घरटी करतात त्या स्थानाला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वस्तीला 'काकागार' हे शब्द त्यांनी मराठीत रुजवले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' घडवले, त्याच जातीचे हे काम आहे. परभाषेला शिव्या देत न बसता स्वभाषेला समर्थ करण्याचे हे काम.

१९७५ साली नवेगावला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. चितमपल्ली २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी त्यांनी देह ठेवला. श्रद्धांजलीपर सभा झाल्या, लेख आले. पण त्यांच्या निधनाने जो प्रश्न उभा राहिला तो मात्र कोणी विचारला नाही. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी या विषयांचे शेकडो पगारी अध्यापक विदर्भात असताना हे काम एका वनाधिकाऱ्याला नोकरी सांभाळून का करावे लागले?

गुणांचा हिशेब

अध्यापक आळशी आहेत, हे याचे उत्तर नव्हे. तसे म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. अध्यापक व्यवस्थेने दाखविलेल्या वाटेने चालतो, आणि त्याला दाखविलेली वाट नवेगावकडे जातच नाही.

१९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर अध्यापक प्रशिक्षणासाठी अकादमिक स्टाफ कॉलेजे उघडली. पुढे त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले आणि सप्टेंबर २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे झाली. महामना मदनमोहन मालवीयांचे नाव दिले गेले, ही समाधानाची गोष्ट. पण पाटी बदलली म्हणून पाठ बदलतो असे नाही.

खरा रोग २०१० साली जडला. आयोगाने त्या वर्षीच्या विनियमांत अध्यापकाच्या विद्वत्तेचे गुण ठरविले. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाला ५० गुण, राष्ट्रीय पातळीवरील प्रकाशकाच्या ग्रंथाला २५ गुण आणि स्थानिक प्रकाशकाच्या ग्रंथाला १५ गुण! ग्रंथ काय सांगतो हे नव्हे, तो कोठे छापला हे पाहायचे. २०१८ साली विनियम बदलले. तेव्हा आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला १२ आणि राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला १० गुण झाले, आणि स्थानिक प्रकाशकाचा रकानाच नाहीसा झाला. नागपूर-पुण्याच्या एखाद्या मराठी प्रकाशकाने काढलेला कोश या तराजूत किती भरेल? नवेगावच्या तलावावर आयुष्य वेचणाऱ्या अध्यापकापेक्षा परदेशी शिक्का विकत घेणारा अध्यापक अधिक विद्वान ठरेल, अशीच ही रचना होती. मॅकॉलेने १८३५ साली जे हवे म्हणून लिहून ठेवले, ते करण्यासाठी स्वतंत्र भारतात गोऱ्या साहेबाची गरज उरली नाही. ते काम गुणतक्त्याने केले.

मागणी निर्माण झाली की बाजार भरतोच. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिके गल्लोगल्ली उगवली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांची तपासणी केली. त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असू शकतात, असा निष्कर्ष 'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर होऊन नियतकालिकांची पारख संस्थांवर सोपविण्यात आली. एवढ्या वर्षांत तरुण अध्यापक काय शिकला? लिहिणे म्हणजे समाजाशी बोलणे नव्हे, तर समितीला पुरावा सादर करणे, हे तो शिकला. दोष त्याच्या बुद्धीचा नाही, त्याच्यापुढे ठेवलेल्या पारितोषिकाचा आहे.

महाविद्यालयांच्या मूल्यांकनानेही यात भरच घातली. परिषदांना जाण्यासाठी किती अध्यापकांना आर्थिक साहाय्य दिले, किती अध्यापकांनी विकासवर्ग पूर्ण केले, याची टक्केवारी 'नॅक'च्या अहवालात मागितली जाऊ लागली. त्या वर्गांतून परतलेल्याने पुढे काय लिहिले, हा रकाना कोणी मागितला नाही. जे मोजले जाते तेच पिकते. म्हणून प्रमाणपत्रांचे पीक उदंड आले आणि विद्येचा दुष्काळ पडला.

परंपरा आपलीच आहे

विद्यापीठाचा अध्यापक मातीतले लिहू शकतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकविणाऱ्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ताम्रपट आणि शिलालेख वाचून विदर्भाच्या वाकाटकांचा इतिहास उजेडात आणला. त्यांचे वाकाटकांवरील मराठी पुस्तक १९५७ साली निघाले, वाकाटक कोरीव लेखांचा इंग्रजी खंड १९६३ साली. आधी आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत आणि मग जगासाठी जगाच्या भाषेत, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. मराठीत लिहिल्याने त्यांची कीर्ती तसूभरही कमी झाली नाही.

त्याही आधी, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतलेल्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ साली नागपुरात ज्ञानकोश मंडळ स्थापन केले, भागभांडवल जमविले आणि तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश मराठी घरांत पोहोचवला. १९४६ साली लाहोरहून आपली सरस्वती विहार ही संस्था नागपुरात आणून आचार्य डॉ. रघुवीर यांनी भारतीय भाषांसाठी शास्त्रीय परिभाषेचे प्रचंड काम केले. पुढे भारतीय जनसंघाचे अध्यक्षपद भूषविणारा हा महापंडित आधी शब्दांचा कारागीर होता, याचा विसर त्यांच्या वैचारिक वारसदारांना पडता कामा नये. पदवी स्तरावरील ग्रंथ मराठीत व्हावेत म्हणून काम करणारे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळही नागपुरातलेच. त्या मंडळाची पुस्तके जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून आजही धूळ खात पडलेली आढळतात. म्हणजे परंपरा होती, माणसे होती, भाषाही होती. तुटला तो धागा.

हा धागा तुटल्याची लाज वाटावी असे एक उदाहरण आहे. कोहळी समाजाविषयी काही जाणून घ्यायचे तर अभ्यासक आजही प्रथम हात घालतो तो आर. व्ही. रसेल या आंग्ल अधिकाऱ्याने रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या, मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार इंग्रजी खंडांकडे. नागपूर विद्यापीठाची शताब्दी २०२३ साली साजरी झाली. शंभर वर्षांनंतरही आपल्याच तलाव बांधणाऱ्या बांधवांची ओळख आपल्याला परकीय प्रशासकाच्या नोंदीतून करून घ्यावी लागत असेल, तर या शताब्दीत आपण काय साधले?

एक आक्षेप

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. विज्ञान वैश्विक आहे, जगाची ज्ञानभाषा इंग्रजी आहे, अध्यापकाला मराठीत आणि खेड्यात अडकवून तुम्ही त्याला कूपमंडूक करणार काय?

हा आक्षेप वरवर पाहता रास्त वाटतो. पण जगाला द्यायचे ते आधी आपल्यापाशी असावे लागते. नवेगावच्या तलावातील पाण्याचे नियमन कसे होत असे, हे जगातील कोणत्याही विद्यापीठाला ठाऊक नाही. ते नवेगावात विचारूनच कळेल, आणि तेथे ते इंग्रजीत विचारता येणार नाही. सांगणारा ज्या भाषेत सांगतो, त्या भाषेत टिपण झाले नाही तर तुडूम आणि सलंग यांतील भेद पहिल्याच भाषांतरात नाहीसा होतो. मराठीत पक्के झालेले ज्ञान इंग्रजीत नेण्यास कोणाचीही हरकत नाही, मिराशींनी ते करून दाखविले आहे. हरकत आहे ती उलट्या क्रमाला. परदेशी पुस्तकातील सिद्धान्त उचलायचा, त्यात आपल्या गावाचे नाव घालायचे आणि तोच शोध म्हणून परत पाठवायचा, यालाच खरे कूपमंडूकत्व म्हणतात. फरक एवढाच, की विहीर परदेशातली असते.

धोरण आले, पुढे काय?

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय भाषा आणि भारतीय ज्ञानपरंपरा यांना उच्च शिक्षणात मानाचे स्थान दिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. महानुभावांच्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. जुलै २०२४ मध्ये केंद्राने 'अस्मिता' प्रकल्प जाहीर केला. पाच वर्षांत २२ भारतीय भाषांत २२,००० पुस्तके सिद्ध करावयाची, असे त्याचे उद्दिष्ट आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसृत केलेल्या विनियमांच्या मसुद्यात भारतीय भाषांतील अध्यापन आणि ज्ञानपरंपरेतील योगदान यांची पदोन्नतीसाठी दखल घेण्याचे सुचविले. राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनी अनेक दशके ज्या मागण्या केल्या, त्या धोरणाच्या भाषेत उतरल्या, याचा आनंद आहेच.

पण येथेच सावध होण्याची गरज आहे. जे रोगट शरीर 'आंतरराष्ट्रीय' शब्दाचा बाजार मांडू शकते, ते 'भारतीय ज्ञानपरंपरा' या शब्दाचाही बाजार मांडू शकते. आठ दिवसांच्या ऑनलाईन वर्गात दोन श्लोक, चार चित्रफिती, एक प्रश्नावली आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढ्यावर ज्ञानपरंपरेची बोळवण होणार असेल तर मॅकॉलेचा पराभव झाला असे मानण्याचे कारण नाही. ज्ञानपरंपरा केवळ पोथीत नसते. ती कोलू पाटलाच्या बांधात आहे, ढीवराच्या जाळ्यात आहे, गोंड वैदूच्या झोळीत आहे. ती जाणणारी पिढी वयोवृद्ध झाली आहे आणि एकेक जाणता उठून जात आहे. तिला प्रशिक्षणवर्गांच्या वेळापत्रकाची वाट पाहता येणार नाही. बावीस हजार पुस्तके केवळ इंग्रजी पाठ्यपुस्तकांची भाषांतरे झाली, तर शब्द आपले आणि विचार उसना, अशी अवस्था होईल. आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही, हे कार्यकर्त्याचे लक्षण नव्हे. उलट, विचारण्याचे कर्तव्य अशा वेळी वाढते.

करावयाचे काय?

मागण्या अवघड नाहीत, आणि खर्चिकही नाहीत.

पहिली गोष्ट वेळेची. पंचवार्षिक योजनांच्या काळात अध्यापकाला पीएच.डी. पूर्ण करण्यासाठी पगारी रजा आणि त्याच्या जागी बदली अध्यापक देण्याची योजना आयोगाने चालविली होती. तशीच योजना आता ग्रंथलेखनासाठी हवी. निवडक अध्यापकांना वर्षभराची निवासी लेखनवृत्ती द्यावी. अट एवढीच, की त्यांनी ते वर्ष नवेगावबांध, मेळघाट, कोकणपट्टी किंवा माणदेश अशा एखाद्या भूमीत राहून काढावे आणि वर्षाअखेरीस हस्तलिखित सादर करावे. चितमपल्लींना तळ्याकाठी राहावयास मिळाले ते सरकारी बदलीमुळे, म्हणजे योगायोगाने. विद्यापीठाने तो योगायोग न ठेवता नियम करावा.

दुसरी गोष्ट मोजमापाची. तज्ज्ञांनी तपासलेल्या मराठी ग्रंथाला, तो कोणत्याही गावी छापलेला असो, इंग्रजी ग्रंथाइतकेच गुण हवेत. कोशकार्य, परिभाषा आणि क्षेत्रीय नोंदी यांना स्वतंत्र स्थान हवे.

तिसरी गोष्ट गुरूची. गावातील जाणत्याला 'माहिती देणारा' म्हणून तळटीपेत ढकलण्याची परदेशी रीत बंद व्हावी. त्याला मानधन द्यावे आणि ग्रंथावर त्याचे नाव असावे. गुरूचे नाव सांगणे ही आपली जुनी रीत आहे.

चौथी गोष्ट साहाय्याची. लिहिणाऱ्याला कार्यशाळेतील भाषणांपेक्षा संपादकाची गरज असते. हस्तलिखित वाचणारा, चुका दाखविणारा, पुन्हा लिहावयास लावणारा संपादक प्रत्येक विद्यापीठात नेमावा आणि मराठीतील ग्रंथनिर्मितीला नवे बळ द्यावे.

पाचवी गोष्ट न्यायाची. वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण अध्यापकांना या साऱ्या योजनांच्या उंबरठ्याबाहेर ठेवले जाते. ज्याला पुढच्या सत्राची शाश्वती नाही, तो वीस वर्षांचा कोश कशाच्या बळावर हाती घेईल? रिक्त जागा भराव्यात आणि तोवर लेखनवृत्ती त्यांनाही खुल्या असाव्यात.

सरकार करील ते करील. पण समाजाने हात बांधून बसण्याचे कारण नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली येथे कार्यकर्त्यांची घरे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, वनवासी क्षेत्रात आयुष्य वेचलेली माणसे आहेत. एखाद्या तरुण अध्यापकाला चार महिने ठेवून घेणे, त्याला जाणत्यांशी जोडून देणे, त्याच्या नोंदी तपासून देणे हे काम कोणत्याही शासननिर्णयाविना सुरू होऊ शकते. केतकरांनी ज्ञानकोशासाठी सरकारची वाट पाहिली नव्हती. मध्यमवर्गीय घरांनीही एक पथ्य पाळावे: असे पुस्तक निघेल तेव्हा ते विकत घ्यावे आणि मुलांच्या हाती द्यावे. वाचक नसेल तर लेखकही टिकत नाही.

कोलू पाटलाने बांध घातला तेव्हा त्याला कोणी प्रमाणपत्र दिले नव्हते. त्याच्या कामाची साक्ष दरवर्षी भरणारा तलाव देतो आणि त्या पाण्यावर पिकणारे धान देते. विद्यापीठांनीही आपल्या अध्यापकांच्या कामाला अशीच साक्ष मागावी. फाईल किती जाड झाली हे पुरे झाले, शिवार किती भिजले ते सांगा!